मानधन वाढलं, ॲप आलं, तरी अंगणवाडी का सुधारत नाही?

प्रश्न बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या एका सरपंचताईंचा आहे. गाव दोन हजार वस्तीचं. गावात दोन अंगणवाड्या, तांड्यावर एक (ती आधी मिनी होती) आणि दोन आशा (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या). सेविकांचं मानधन वाढलं, मोबाइल मिळाले, आता चेहरा ओळखून आहार वाटतात. तरी लेकरांची वजनं जागच्या जागी, तांड्यावरची अंगणवाडी एक दिवसाआड उघडते आणि म्हाताऱ्या माणसांकडं बघणारं तर कुणीच नाही. यात ग्रामपंचायतीच्या हातात नेमकं काय आहे, असं त्या विचारतात.

सरपंचताई, हातात बरंच आहे, पण ग्रामसभेत ज्यावरून भांडणं होतात त्यात नाही. मानधन किती, ॲप कुठलं, पाकीट कोणाचं, हे मुंबई-दिल्लीत ठरतं. रिकामी जागा किती महिने रिकामी राहणार, वजन-उंची खरी घेतली जाणार की अंदाजानं, कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या घरातल्या लेकरांची नावं कुठं जाणार आणि आशाचे पैसे कुठं अडकणार, हे मात्र बहुतांशी गाव ते तालुका एवढ्याच अंतरात ठरतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. एकात्मिक बाल विकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, आशा 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आल्या. दोघींनाही सुरुवातीपासून ‘स्वयंसेविका’ धरलं. म्हणून पगार नाही, मानधन. डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा 52 दिवस संप चालला. पुढं ऑक्टोबर 2024 पासून सेविकेचं मानधन 10,000 वरून 13,000 आणि मदतनीसाचं 5,500 वरून 7,500 झालं. कामगिरीनुसार प्रोत्साहन भत्ता वेगळा. वाढ खरी आहे आणि ती उशिराच झाली. पण त्याच काळात मार्च 2021 पासून नोंदींचं ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आलं, 2023 पासून ‘पोषण भी पढ़ाई भी’चं बालशिक्षण आलं, जुलै 2025 पासून घरी नेण्याच्या आहारासाठी चेहरा पडताळणी आली. प्रत्येक सुधारणेनं काम वाढवलं आणि कमी काहीच केलं नाही, ही माझी मुख्य तक्रार.

हिशोब करून बघा. एका अंगणवाडीकडं साडेसहाशे वस्ती धरली तर सहा वर्षांखालची साठ-पासष्ट लेकरं. एका लेकराचं वजन, उंची आणि नोंद नीट करायला पाच मिनिटं लागतात. म्हणजे महिन्याला साडेपाच तास नुसते मोजमापाचे, आणि तेही लेकरू न रडता उभं राहिलं तर. रोजचा वर्ग, गरम आहारावर देखरेख, गृहभेटी, आहार वाटप, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं ही त्याच्या वर. मदतनीस नसेल तर हे गणित पहिल्याच आठवड्यात कोलमडतं. तुमच्या तांड्यावर तेच झालेलं दिसतं.

मग जागेपासूनच सुरू करू. राज्यातल्या 13,011 मिनी अंगणवाड्यांना पूर्ण अंगणवाडीचा दर्जा द्यायचं ठरलं. मिनीत एकटी सेविका असायची, दर्जा वाढला की मदतनीसाचं पद येतं. पद मंजूर होणं आणि बाई रुजू होणं यात मात्र अंतर असतं. गावातली जागा रिकामी असली की शेजारच्या सेविकेकडं ‘अतिरिक्त कार्यभार’ जातो. ती आपली अंगणवाडी सांभाळून तांड्यावर जाणार म्हणजे दिवसाआड कुलूप लागणारच. यात तिचा आळस नाही.

बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना पत्र देताना ‘अंगणवाडी बंद असते’ अशी तक्रार करू नका, तिचा जाब फक्त सेविकेला विचारला जातो. पद कोणतं, कोणत्या तारखेपासून रिकामं, सध्या कार्यभार कोणाकडं आणि पटावर किती लेकरं, हे लिहा आणि जाहिरात कधी काढणार ते विचारा. सेविका निवृत्त होणार असेल तर तारीख आधीच ठाऊक असते, पत्र सहा महिने आधी जाऊ द्या. सेविकेच्या जागेसाठी पात्र मदतनीस असेल तर आधी तिचा विचार होतो, मग सरळ भरती. 2023 पासून सेविका आणि मदतनीस दोघींनाही बारावी पास, वय 18 ते 35 (विधवा असल्यास 40 पर्यंत), स्थानिक रहिवासी आणि लहान कुटुंबाची अट आहे.

अर्ज बाद होतात ते बहुतेक कागदावर. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधार आणि रेशनकार्डावर सासरचं, मधला पुरावा जोडलेला नाही. किंवा रहिवासी दाखला दुसऱ्या महसुली गावाचा, कारण तांडा कागदोपत्री शेजारच्या गावात मोडतो. दुसरी अडचण मराठवाड्यातल्या तांड्या-वाड्यांवर नेहमीची आहे आणि ती ग्रामपंचायतच सोडवू शकते. जाहिरातीची प्रत गावातल्या फलकावर लागते, तशी तांड्यावरही लावा. नाहीतर अर्ज गावातून येतात आणि निवड झालेली बाई रोज तीन किलोमीटर चालून जाणारी असते.

आता वजनं. ‘लेकरांची वजनं जागच्या जागी’ असं तुम्ही म्हणता. ती खरंच तशी आहेत की नोंदी तशा आहेत, हे आधी तपासा. त्यासाठी डॉक्टर असायची गरज नाही. सेविकेच्या नोंदीतले कोणतेही वीस आकडे घ्या आणि दशांशानंतरचा अंक बघा. निम्म्याहून जास्त आकडे .0 किंवा .5 वर संपत असतील तर काटा वाचलेला नाही, अंदाज लिहिला आहे. मग एकाच लेकराची चार महिन्यांची उंची बघा. एक ते दोन वर्षांचं लेकरू वर्षाला साधारण बारा सेंटिमीटर वाढतं, म्हणजे महिन्याला एक. एका महिन्यात चार सेंटिमीटर वाढलेलं किंवा दोन सेंटिमीटर घटलेलं लेकरू दिसलं तर मोजण्यात घोळ आहे.

घोळ कुठं होतो ते बारकाईनं सांगतो, कारण तीव्र कुपोषित ठरवणं त्यावरच अवलंबून आहे. ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास उंचीत एक सेंटिमीटरची चूक झाली तर तीव्र कुपोषणाची वजन-रेषा साधारण 200 ग्रॅमनं सरकते. दोन वर्षांखालच्या लेकराची लांबी आडवं झोपवून घ्यायची, वरच्याची उभं करून. आडवी मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सरासरी 0.7 सेंटिमीटर जास्त भरते. म्हणून दोन वर्षांवरचं लेकरू उभंच राहिना आणि आडवं मोजलं तर 0.7 वजा करायचे. दोन वर्षांखालचं उभं मोजलं तर मिळवायचे. आडवं मोजताना दोन जणी लागतात. एकीनं डोकं फळीला टेकवून नजर सरळ वर राहील असं धरायचं, दुसरीनं गुडघे दाबून पाय सरळ करून तळवे सरकत्या फळीला लावायचे. मदतनीस नसलेल्या केंद्रात एकटी सेविका हे करूच शकत नाही, मग एक पाय वाकलेला राहतो आणि लांबी कमी भरते. लांबी कमी भरली की खरोखर वाळलेलं लेकरूही ठीक दिसतं.

वजनकाटा शहाबादी फरशीच्या सांध्यावर किंवा शेणानं सारवलेल्या उंचसखल जमिनीवर ठेवला तर आकडा डगमगतो. खाली सपाट फळी घाला. स्वेटर, कानटोपी, चांदीचा करगोटा, वाळे, सगळं काढायचं. थंडीच्या दिवसांत आया कपडे काढू देत नाहीत, म्हणून डिसेंबर-जानेवारीत वजनं ‘सुधारतात’ आणि मार्चमध्ये घसरतात. दर सोमवारी सकाळी ओळखीच्या वजनाची वस्तू, दोन किलोचा दुकानातला माप-तुकडा चालतो, ठेवून काटा तपासायचा.

दंडघेराची पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांसाठी. डावा हात सैल सोडलेला, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या मध्यावर, पट्टी त्वचेला लागलेली पण कातडी न आवळणारी. 11.5 सेंटिमीटरखाली तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 मध्यम. सूज बघायला दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबायचं. दोन्हींवर खड्डा राहिला तर वजन काहीही असो, लेकरू तीव्र कुपोषितच, आणि ते गावात ठेवायचं नाही. सूज नाही, भूक चांगली आहे, ताप-जुलाब नाहीत अशा तीव्र कुपोषित लेकराला गावातच चालणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्रात घ्यायचं. सूज आहे, भूक नाही किंवा आजारी आहे तर दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात. तिथं साधारण चौदा दिवस राहावं लागतं आणि आईला बुडीत मजुरीपोटी भत्ता मिळतो. आया नकार देतात तो घरी दुसरं लेकरू कोण बघणार, म्हणून. त्या चौदा दिवसांची सोय बचतगटातल्या कुणी केली तर नकार बराच कमी होतो.

एक गोष्ट सरपंच म्हणून तुम्हीच करू शकता. नोंदी खऱ्या होऊ लागल्या की कुपोषितांचा आकडा पहिल्या दोन महिन्यांत वाढतो. वरून फोन येतो, सेविकेला झापतात आणि तिसऱ्या महिन्यात आकडा पुन्हा ‘आटोक्यात’ येतो. ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवा की मोजमाप सुधारल्यामुळं आकडा वाढला आहे आणि ग्रामपंचायतीला ते मान्य आहे. सेविकेच्या पाठीशी तेवढा एक कागद हवा.

तुमच्या भागातला सगळ्यात मोठा प्रश्न स्थलांतराचा. दिवाळीच्या पुढं-मागं गाळप सुरू होतं, दसऱ्यापासून ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात, मंडळी मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने अंगणवाडीच्या पटावरची बरीच लेकरं एक तर कोल्हापूर-सांगली-सातारा किंवा कर्नाटकातल्या उसाच्या फडावर असतात, नाहीतर गावात आजी-आजोबांपाशी. व्यवस्था मात्र असं धरून चालते की लाभार्थी बाराही महिने एका गावात राहतो.

चेहरा पडताळणी इथंच अडते. नोंद आईच्या चेहऱ्याची आणि आईच्या मोबाइलची. आहार घ्यायला येते आजी. चेहरा जुळत नाही आणि ओटीपी जातो आईच्या फोनवर, तो फोन असतो फडात, चार्जिंगविना. सेविकेच्या दारातून आजी परत जाते आणि ॲपवर ‘वाटप झालं नाही’ एवढंच दिसतं, का ते दिसत नाही. गळती थांबवायचा हेतू चांगला आहे, पण ही अडचण ऊसतोड पट्ट्यात येणार हे आधीच दिसायला हवं होतं.

उपाय दसऱ्याच्या आधी करायचे आहेत, नंतर नाही. पोळा झाला की ग्रामपंचायतीनं सेविका आणि आशा यांच्यासोबत घरोघर यादी करावी. ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यायचं काम ग्रामसेवकाकडं आहेच, त्याच फेरीत हे बसवा. यादीत नवरा-बायकोची नावं, मुकादम, कारखाना आणि तालुका, निघायची तारीख, सोबत जाणारी लेकरं, मागं राहणारी लेकरं आणि ती कोणाकडं, गरोदर बाई असल्यास बाळंतपणाची अपेक्षित तारीख. मागं राहणाऱ्या लेकरांच्या नोंदीत जो बदल करायचा तो आई गावात असतानाच करून घ्या, ओटीपी तिच्या फोनवर आल्या आल्या मिळतो. आजीचं आधार आधी तयार ठेवा. लेकराचं आधार नाही म्हणून आहार नाकारता येत नाही, आईच्या आधारावर तो मिळतो. हे सेविकेलाही माहीत असतं, पण वरून दबाव आला की विसरलं जातं.

सोबत जाणाऱ्या लेकराचं पोषण ट्रॅकरवर स्थलांतर नोंदवलं तर दुसऱ्या गावची अंगणवाडी त्याला घेऊ शकते. प्रत्यक्षात फडाची पालं कारखान्यापासून, गावापासून लांब असतात आणि दर पंधरा-वीस दिवसांनी हलतात. म्हणून ॲपवर विसंबून न राहता माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो आईच्या आणि मुकादमाच्या अशा दोन्ही फोनमध्ये ठेवा, राहिलेली लस निघण्याआधी टोचून घ्या आणि गरोदर बाईला लोह-कॅल्शियमच्या गोळ्या दोन महिने पुरतील एवढ्या एकदम द्यायला उपकेंद्राला सांगा. कुणाला आहार नाकारला तर सेविकेनं साध्या वहीत तारीख, नाव आणि कारण लिहावं. महिन्याच्या शेवटी त्या पानाचा फोटो पर्यवेक्षिकेकडं जाऊ द्या. ॲपमध्ये न दिसणारी अडचण अधिकाऱ्यांपर्यंत न्यायला दुसरा रस्ता नाही.

आशांचं गणित वेगळं आहे. त्यांना ठरलेली रक्कम आणि कामागणिक मोबदला, असं दोन्ही मिळतं. नेहमीच्या कामांसाठी केंद्राचे महिन्याला 2000 होते, ते 3500 केल्याचं 2025 मध्ये संसदेत सांगितलं गेलं. राज्याचा वाटा वेगळा. कामागणिक मोबदल्यात नवजात बाळाच्या गृहभेटी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. सगळ्या पूर्ण झाल्या तर 250 रुपये. नंतर 3, 6, 9, 12 आणि 15 महिन्यांच्या पाच भेटी, प्रत्येकी 50. हजार वस्तीत वर्षाला सोळा बाळंतपणं धरली तर पावणेदोनशे भेटींचे मिळून आठ हजार.

अडतं ते माहेरपणावर. पहिलं बाळंतपण माहेरी. गरोदरपणात तपासण्या करवल्या तुमच्या आशानं, बाळंतपण झालं केजला किंवा अंबाजोगाईला, पहिल्या पाच भेटी माहेरच्या आशाच्या, सव्वा महिन्यानं बाळंतीण सासरी आली. सहापैकी पाच तिकडं, एक इकडं, आणि कोणाचीच रक्कम निघत नाही. बाळालाही मधल्या काळात कुणी बघत नाही, खरं नुकसान ते. सातव्या महिन्यात बाई माहेरी निघाली की तिच्या कार्डावरचा नोंदणी क्रमांक आणि आशाचा मोबाइल नंबर माहेरच्या आशाला कळवायचा, परत येताना तिनं भेटींच्या तारखा कळवायच्या, आणि दोघींच्या गटप्रवर्तकांनी (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) कोणी कोणत्या भेटींचा दावा करायचा ते मासिक बैठकीत मिटवायचं. रक्कम तरीही अडली तर आशाला नुसतं ‘पैसे आले नाहीत’ म्हणू देऊ नका. कोणता महिना, कोणती बाब, दावा कधी सही होऊन गेला, हे तिच्याकडच्या प्रतीवर असतं. प्रत नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कचेरीत काहीच शोधता येत नाही.

ग्रॅच्युइटीचंही, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचंही, विचारलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं 25 एप्रिल 2022 ला अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असल्याचा निकाल दिला. सूत्र असं: शेवटचं मासिक वेतन गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. 13,000 वर तीस वर्षं सेवा झाली तर 2,25,000. निवृत्त होणाऱ्या बाईनं नेमणूक आदेशाची प्रत आणि रुजू तारखेचा पुरावा आताच शोधून ठेवावा. जुन्या नेमणुका ग्रामपंचायतीच्या ठरावानं झालेल्या असतात आणि तो ठराव तुमच्याच कपाटात पडलेला असतो.

पैशाचं थोडक्यात. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते बऱ्याच ठिकाणी सतरंज्या आणि शिलाई मशिनवर जातात. काटा, उंचीची फळी, तांड्यावरच्या अंगणवाडीला पाण्याची टाकी, हे त्यातून घ्या. नवी इमारत हवी असेल तर रोजगार हमीशी जोडून 12 लाखांचा आराखडा आहे: 8 लाख रोजगार हमीतून, 2 लाख वित्त आयोगाच्या निधीतून, 2 लाख महिला-बालविकासचे. शौचालयाला 36,000 आणि पाण्याच्या सोयीला 17,000 वेगळे. यात जागेचा सातबारा अडतो, बाकी काही नाही.

देखरेखीबद्दल माझं मत ठाम आहे. एका पर्यवेक्षिकेकडं वीस-पंचवीस अंगणवाड्या आणि तिचा निम्मा वेळ अहवालात. जामखेडला आरोळे दांपत्यानं 1970 पासून अल्पशिक्षित बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं, तुळजापूर तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं ‘भारतवैद्य’ घडवल्या. त्या कामांत बाईला शिकवून सोडून दिलं जात नव्हतं, ती पुन्हा पुन्हा एकत्र बसायची, अडलेली केस मांडायची. आपल्याकडं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि नंतरच्या बैठकीत फक्त आकडे गोळा होतात. मासिक बैठकीतला एक तास आकड्यांशिवाय, दोन लेकरांवर बोलण्यासाठी ठेवा, असा आग्रह तुम्ही धरू शकता. त्याला शासन निर्णय लागत नाही.

राहिली म्हातारी माणसं. इथं खरंच माणूस नेमलेला नाही. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा तपासणी-अर्ज आशा भरते, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, हे प्रश्न आहेत. उत्तरं गोळा होतात आणि तिथंच थांबतात. पोरं कोयत्यावर गेल्यावर अंथरुणाला खिळलेल्या बाईला कूस कोण बदलणार, याचं उत्तर कुठल्याच योजनेत नाही. पुढची सुधारणा इथं, पगारी गृहपरिचारिकेच्या रूपात व्हायला हवी. ती आशाच्या गळ्यात मारली तर आशाही जाईल आणि म्हातारीही.

तोवर एवढं करता येतं. त्या अर्जांतून ज्यांना रोजची मदत लागते अशांची यादी काढा, दोन हजारांच्या गावात ती फार लांब नसते. उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना महिन्यातले दोन दिवस त्या घरांसाठी ठरवून द्यायला सांगा: रक्तदाब, साखर, गोळ्या, पाठीवर आणि माकडहाडाजवळ लाली आली आहे का ते बघणं. लाली दिसली की दर दोन तासांनी कूस बदलायची, हे शेजारणीला किंवा नातीला करून दाखवायचं, नुसतं सांगायचं नाही. घर सोडून जाणाऱ्या मुलानं कोणाला जबाबदारी दिली आहे ते नाव आणि नंबर यादीत हवा. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळचं अनुदान चालू आहे का आणि खातं आधारला जोडलेलं आहे का, तेही त्याच यादीत लिहा. हयातीचा दाखला द्यायची वेळ नेमकी मुलगा फडावर असताना आली तर अनुदान बंद पडतं, म्हणून ग्रामसेवक आणि बँकमित्र यांना एक दिवस त्या घरांवर न्या.